कोंब काढून टाकजो

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा वेगळा आहे, म्हणजे चक्क बिअरचा आहे. नातेवाईक मंडळींनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत, शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

तर झालं असं की, पोळ्याच्या चार-पाच दिवस आधी सकाळी सकाळी पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तो अमेरिकेत ओरेगॉनमध्ये असतो आणि त्याला घरी बिअर करायचा छंद आहे. तिकडे ते चालतं. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरच्यापुरती वर्षाला १०० गॅलन, म्हणजे पावणेचारशे लिटरच्या आसपास, बिअर करायची मुभा दिली. घरात दोन प्रौढ माणसं असतील तर २०० गॅलन. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि विनापरवाना घरात असलं काही करणं गुन्हा आहे. तेव्हा इकडे बसून कुणी प्रयोग करू नये. मीही केलेला नाही. मी इथे खामगावात फक्त फोन धरून बसलो होतो.

"काका, आजीला विचारा ना, ज्वारीचं पीठ आंबवताना ती काय काय करायची?"

त्याला हे कशासाठी हवं होतं ते कळायला मला अर्धा तास लागला. सोपं करून सांगतो. साखरेपासून बिअर करणारा जीव म्हणजे यीस्ट. पाकिटातलं यीस्ट थोडंसं असतं. मोठ्या भांड्यात टाकण्याआधी ते लिटरभर गोड पाण्यात एक-दोन दिवस वाढवून घेतात. त्याला म्हणायचं स्टार्टर. म्हणजे कढईभर दुधासाठी आधी वाटीभर विरजण तयार करून घ्यावं तसं. हे गोड पाणी लोक माल्ट एक्स्ट्रॅक्टची तयार पावडर उकळून करतात, लिटरला शंभर ग्रॅम. पण पावडर महाग आणि धान्य स्वस्त, आणि पुतण्या आमच्या घराण्याला शोभेल इतका चिकट! तो मोड आणून वाळवलेली बार्ली घेतो, लिटरला दीडशे-दोनशे ग्रॅम. ती भरडतो आणि ६५ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यासोबत थर्मासमध्ये तासभर ठेवून देतो. मोड येताना दाण्यात जी पाचक द्रव्यं तयार झालेली असतात, ती पिठाची साखर करतात. मग फडक्यातून गाळायचं, पंधरा मिनिटं उकळायचं, निवल्यावर यीस्ट सोडायचं, वर सैल झाकण ठेवायचं आणि येता-जाता भांडं हलवायचं. दुसऱ्या दिवशी फेस येतो, मग तळाशी पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजेच वाढलेलं यीस्ट. थोडा बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवला की पुढच्या वेळचं पाकीट वाचलं.

यावेळी अडचण वेगळी होती. त्याच्या एका मित्राला ग्लुटेन चालत नाही, त्यामुळे गहू नाही आणि बार्लीही नाही. त्याच्यासाठी ज्वारीची बिअर करायची, तर स्टार्टरही ज्वारीचाच हवा. यानं इंडियन स्टोअरमधून ज्वारी आणली, भिजवली, मोड आणले, वाळवली, दळली, थर्मासमध्ये घातली. पाणी काही गोड होईना, नुसती पिठूळ लापशी. ज्वारीचं पीठ शिजायला बार्लीपेक्षा जास्त आच लागते आणि तेवढ्या आचेवर ती पाचक द्रव्यं मरून जातात.

त्यावरचा उपायही त्यानं शोधला होता. दळलेले मोड कोमट पाण्यात कालवून ठेवायचे, पीठ खाली बसू द्यायचं. वरची निवळी हलक्या हातानं बाजूला काढायची, पाचक द्रव्यं तिच्यात उतरलेली असतात. खालचं पीठ शिजवायचं, ६५ अंशांपर्यंत निवू द्यायचं आणि मग निवळी परत त्यात ओतायची.

मला हसूच आलं. उन्हाळ्यात आमच्या ओसरीत दरवर्षी हेच चालायचं की! कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी वरची आंबूस निवळी आई न्हाणीत ओतून द्यायची. ती जे फेकायची तेच हा जपून ठेवतोय. आणि शिजवलेलं ज्वारीचं पीठ म्हणजे दुसरं काय, आंबीलच. फक्त आंबिलीला दह्या-ताकातल्यासारखे जीव आंबट करतात आणि इथे यीस्ट.

आता आईबद्दल. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिच्यासमोर आमच्या घरात दारूचा विषय निघत नाही. कारण नात्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, पण आजवर लिहिलं नव्हतं. माझे वडील प्यायचे. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, तिथे मोहाच्या दारूला तोटा नव्हता. मडक्यात मोहफुलं सडत घालायची, त्याला सडवा म्हणत. त्या वासानं आई आजही तोंडाला पदर लावते. दोन एकर वावर त्या वासात गेलं.

म्हणून मी फोन घेऊन अंगणात गेलो होतो. पण आईचे कान अजून शाबूत आहेत. 'बिअर' तिनं ऐकलं की नाही कोण जाणे, 'ज्वारीचे मोड' मात्र ऐकलं. काठी टेकत बाहेर आली.

"कोण ज्वारीले मोड आनून रायलं?"

मी म्हटलं, "काही नाही, तो तिकडे पीठ करतोय."

"पीठ? कोंबासकट?"

तिनं फोन मागून घेतला. कानालाच लावला, व्हिडिओ कॉल असला तरी. पुतण्याला तिकडे आजीचा फक्त कान दिसत असणार.

"बापू, कोंब काढून टाकजो. मुया बी काढजो. वाऊ दे, मंग हातानं चोय अन् पाखडून घे. जहर राह्यते थ्यात."

तो म्हणाला, "आजी, पण मी सगळं दळलंय."

"फेकून दे. घरात ठेवजो नोको."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. पुतण्या हसत होता, त्याला वाटलं जुन्या माणसांची समजूत असेल. मला हसू येत नव्हतं.

मी सातवीत असताना सुगीनंतर अवकाळी पाऊस पडला आणि कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना हिरवे कोवळे फुटवे आले. असे फुटवे जनावराला घातक असतात हे वऱ्हाडातल्या पोरासोरांनाही माहीत होतं, म्हणून त्या वावरात जनावर सोडत नसत. त्या दुपारी बैलांवर लक्ष ठेवायला वडील होते. ते धुऱ्यावर बाभळीखाली पडले होते, शुद्धीत नव्हते. शिंगऱ्या दावं तोडून आत शिरला. आम्ही पोचलो तेव्हा तो धापा टाकत होता, अंग थरथरत होतं. गूळपाणी पाजायचा प्रयत्न झाला. तासाभरात संपलं. आई त्याच्या मानेवर हात ठेवून बसली होती. वडिलांना ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

रात्री मी पुतण्याला सविस्तर लिहिलं. ज्वारीला मोड येताना धुरिन नावाचं द्रव्य तयार होतं, कोंबात आणि मुळ्यांत सर्वात जास्त. ते फुटलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. नुसतं वाळवून धुरिन जात नाही, म्हणून कोंब आणि मुळ्या चोळून काढायच्याच, आणि शिजवताना-उकळताना भांडं उघडं ठेवायचं म्हणजे सुटलेला वायू निघून जातो. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान् पिढ्या होते, खबरदारीही तिच्यासोबतच चालत आलेली आहे. शिंगऱ्याची गोष्टही लिहिली. बाभळीखालच्या माणसाबद्दलही लिहिलं. आजोबा त्यानं फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोनच वाक्यं. "सगळं फेकलं. आजीला हे माहीत असूनही ती फोनवर आली?"

हो, आली. दारूसाठी नाही आली, नातवासाठी आली. मी तेवढंच समजतो, जास्त अर्थ काढत नाही.

त्यानं पुन्हा ज्वारी भिजवली. पाच दिवसांनी मोड, मग वाळवण, मग चोळून पाखडणं. सूप नव्हतं म्हणून टेबल फॅनसमोर दोन परातींनी पाखडलं, त्याचा व्हिडिओ पाठवला. स्टार्टरला फेस आला त्याचा फोटोही पाठवला. त्यासोबत नॉर्वेतल्या शेतकऱ्यांची माहिती होती. तिथे घरोघरी बिअरचं यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून जपत, त्याला क्वाइक म्हणतात. एखाद्याचं बिघडलं तर तो शेजाऱ्याकडून मागून आणायचा. हे मी आईला वाचून दाखवलं. 'यीस्ट'च्या जागी 'विरजण' म्हणालो, लबाडीच केली थोडी. ती म्हणाली, "मंग, मागाच लागते. इरजन काय इकत घेते का कोनी?"

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे नैवेद्याला ज्वारीची आंबील लागतेच. हल्ली आजूबाजूला सगळी सोयाबीन आणि कपाशी, आंबिलीपुरती ज्वारी किराणा दुकानातून किलोनं आणावी लागते. आईनं बसल्या बसल्या पीठ भिजवून घेतलं आणि एकदम विचारलं, "त्याच्याजोळ ज्वारी उरली का?"

मी विचारलं. उरली होती, मोड न आणलेली, दीडएक किलो.

"मंग त्याले म्हनाव, आंबील कर. पीठ रातभर भिजू दे. लसूण घाल अन् ताक घाल. मी सांगतो फोनवर."

आणि तिनं सांगितलं, वीस मिनिटं, यावेळीही फोन कानालाच लावून.

बिअर कशी झाली ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या मित्रानं प्यायली आणि त्याला काही त्रास झाला नाही, एवढं मला पुतण्याकडून कळलं. आंबील मात्र गुठळ्यांची झाली होती म्हणे. पुढच्या वर्षी सुधारेल.