सातपूरचे खड्डे आणि ३२ क्लिक

मंडळी, गेला महिनाभर आमच्याकडे एकाच विषयावर खल चाललाय. गाडीला कॉइलओव्हर टाकायचे की नाही! भाचा म्हणतो, "मामा, ३२ क्लिकचं अ‍ॅडजस्टमेंट आहे. रस्त्याला मऊ, ट्रॅकला कडक. एका गाडीत दोन गाड्या!" आईचं म्हणणं एवढंच, की मागच्या सीटवर बसून त्र्यंबकेश्वरला जाता आलं पाहिजे. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे तिच्या मताला वजन आहे.

मी सातपूर एमआयडीसीतला माणूस, स्प्रिंग आणि तेल रोजच्या ओळखीचे. म्हणून जाहिरात बाजूला ठेवून जरा नीट विचार केला.

स्प्रिंगचं काम गाडीचं वजन पेलणं. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं काम त्या स्प्रिंगला उड्या मारत बसू न देणं. त्याच्या आत पिस्टन बारीक वाटांतून तेल ढकलतो आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. ती क्लिकवाली चकती फक्त तेलाची वाट अरुंद-रुंद करते. स्प्रिंग होती तेवढीच कडक राहते! म्हणजे ट्रॅकची स्प्रिंग बसवून सगळे क्लिक मऊ बाजूला फिरवले, तरी गाडी आरामशीर होत नाही. धक्का बसतोच, वर ती झुलत राहते.

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, डांबर गुळगुळीत. तिथे वळणात गाडी कमी कलावी, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाऊ नये, म्हणून कडक स्प्रिंग आणि कमी उंची शोभते. आमच्याकडे त्याच कडकपणामुळे चाक खड्ड्याशी जुळवून घेत नाही, वरच्या वर उडतं. हवेतल्या टायरला पकड कसली आणि ब्रेक कसला?

उंचीचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आमच्या गल्लीतला त्या मापाचा नाही, हे सांगायला नकोच :)

आणि 'कडक आणि खाली' हा काही शर्यतीचाही सार्वत्रिक नियम नव्हे. नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची. तशा रस्त्यावर रॅलीची गाडी उंच असते आणि चाकाला वर-खाली जायला भरपूर जागा ठेवलेली असते. दगडधोंड्यांत ट्रॅकची गाडी नेली तर पहिल्याच चढाला पोट घासेल. रस्ता बघून सस्पेन्शन ठरतं, रुबाब बघून नाही.

ज्याची गाडी महिन्यातून दोनदा ट्रॅकवर जाते, त्याने कॉइलओव्हर जरूर घ्यावेत. उंची आणि स्प्रिंगवरचा ताण वेगवेगळा बदलता येईल असे घ्यावेत. डावी-उजवीकडचे क्लिक सारखे ठेवावेत आणि आकडा वहीत लिहून ठेवावा.

मी भाच्याला विचारलं, आपले ट्रॅकचे दिवस वर्षात किती? म्हणाला, एखादा. त्या एका दिवसासाठी चांगले टायर, ताजं ब्रेक ऑइल आणि बरे ब्रेक पॅड पुरतात. उरलेल्या ३६४ दिवसांना कंपनीच्या मापाचे नवे शॉक.

भाचा हिरमुसलाय. त्याची स्वतःची गाडी येईल तेव्हा त्याने खुशाल क्लिक मोजावेत, मी पाना धरून शेजारी बसेन. तोवर मागच्या सीटचं सेटिंग आईच ठरवणार.

असो. शनिवारी गाडी गॅरेजला टाकतोय.