गोळी, चरबी आणि लोटाभर पाणी

महाडच्या चवदार तळ्याकाठी उभं राहून बंदुकीच्या गोळीचा विचार करणं तसं विचित्रच. पण या भागाचं पलटणीशी नातं फार जुनं. महाड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातले कितीतरी लोक मुंबई इलाख्याच्या फौजेत गेले आणि पेन्शन घेऊन गावी परतले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले. त्यामुळे आजचा विषय शिशाची गोळी. आधी थोडं तांत्रिक, मग पाण्याकडे येतो. जरा धीर धरा.

शिशाच्या गोळीने अचूक नेम साधायचा तर तीन गोष्टी जमाव्या लागतात: माप, मऊपणा आणि वंगण. अमेरिकेत आजही हौशी नेमबाज मोठ्या नळीच्या जुन्या रायफलींसाठी घरी गोळ्या ओततात, एकेक तोलून बघतात, मेणाची मिश्रणं करत बसतात. त्यांचं सगळं डोकं याच तीन गोष्टींत अडकलेलं असतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी लष्करी कारखान्यांचं डोकंही तिथेच अडकलं होतं.

माप का महत्त्वाचं? जुन्या ब्राऊन बेस बंदुकीची नळी साधारण १९ मिमी आणि गोळी १७.५ मिमी. मधे दीड मिलिमीटर मोकळं. गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडायची आणि शेवटी जिथे आपटली असेल त्याप्रमाणे भरकटायची. शंभर यार्डांपुढे एकट्या माणसाला टिपणं हा नशिबाचा भाग. यावर उपाय म्हणजे नळीला आतून आटे पाडायचे, म्हणजे गोळी फिरत जाते आणि सरळ जाते. पण आटे पकडायला गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची म्हणजे हातोडीने ठोकायची. तोवर समोरचा तुमच्या अंगावर आलेला!

हा पेच १८४९ साली मिनिए नावाच्या फ्रेंच कॅप्टनने सोडवला. गोळी नळीपेक्षा थोडी बारीक, बुडाला पोकळ. भरताना सहज उतरते आणि बार उडाला की वायूच्या दाबाने तिचं बूड फुलतं, आटे पकडतं. एकच वस्तू भरताना सैल आणि सुटताना घट्ट! आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही इतकं देखणं उत्तर क्वचितच बघायला मिळतं.

याच तत्त्वावर इंग्रजांची १८५३ ची एन्फिल्ड आली. नळी १४.६६ मिमी, गोळी १४.४३ मिमी. म्हणजे फट पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. गोळीचं वजन सुमारे ३४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन तोळे. दारू साडेचार ग्रॅमच्या आसपास. शिसं शुद्धच हवं, कथील किंवा अँटिमनी मिसळलं तर कडक होतं आणि बूड फुलत नाही. साच्यात ओतलेल्या गोळीत कधी हवेचा फुगा राहतो, तोल एका बाजूला जातो, म्हणून वूलिचच्या कारखान्यात गोळ्या ओतण्याऐवजी यंत्राने दाबून काढू लागले. माप झालं, मऊपणा झाला.

राहिलं वंगण. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग घन राहतो आणि काजळी होऊन नळीला चिकटतो. पाच-दहा बार झाले की ती पाव मिलिमीटरची फट भरून जाते. मग गोळी उतरत नाही, उतरली तर नेम चुकतो. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण. ते काजळी मऊ करतं आणि प्रत्येक गोळी जाताना नळी पुसत जाते. थोडक्यात, या सगळ्या हुशारीचा भार त्या पातळ थरावर होता.

आणि त्या थराकडेच कोणी नीट पाहिलं नाही. शिपायाने काडतुसाचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग उरलेली गोळी कागदासकट उलटी करून ठासायची, अशी कवायत. दात लागायचे ते दारूच्या टोकाला, वंगण असायचं गोळीच्या टोकाला. कागदावर सगळं ठीक. पण दोन्हींत अंतर ते किती? शिवाय कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये जी चरबी वापरली, ती कोणत्या जनावराची हे बघण्याची खबरदारी घेतलीच नव्हती. गायीची? डुकराची? कंत्राटदाराला ठाऊक.

चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. चरबी हे वंगण म्हणूनही वाईटच होतं. तिच्यातल्या आम्लाने शिसं गंजतं, गोळीवर पांढरी पुटं चढतात, माप वाढतं आणि पाव मिलिमीटरचा हिशोब कोलमडतो. पुढे मधमाशीच्या मेणावर भर आला तो यामुळेच. म्हणजे कोणाच्याही धर्माला न दुखवणारं वंगण नेमासाठीही चांगलं होतं.

आता पाणी. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमच्या छावणीतल्या राईट नावाच्या अधिकाऱ्याने एक हकीकत वर कळवली. दारूखान्यातल्या खालच्या जातीच्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपाई म्हणाला, तुझ्या स्पर्शाने लोटा बाटेल. खलाशी म्हणाला, लवकरच गायी-डुकरांची चरबी लावलेली काडतुसं दातांनी फाडायची आहेत, मग कुठे राहील तुझी जात? ही बातमी पलटणींत पसरली. मार्चमध्ये मंगल पांडे, मे महिन्यात मेरठ, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

शाळेत आपण यातलं काडतूस लक्षात ठेवतो. खलाशाला तहान लागली होती, हे मात्र विसरून जातो. शिपायाचा अपमान खरा होता. आपल्या तोंडाला काय लागणार हे ठरवण्याचा हक्क त्याचाच होता. पण तोच हक्क मागणारा माणूस समोरच्याला घोटभर पाणी देत नव्हता, हेही तितकंच खरं.

बंडानंतर इंग्रजांनी काय धडा घेतला? देशी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची बंदूक काढली: दिसायला एन्फिल्ड, पण आतले आटे काढून नळी गुळगुळीत, भोक मोठं. म्हणजे वंगणाचा प्रश्न सोडवला नाही, नेमच काढून घेतला.

मुंबईच्या फौजेची रीत वेगळी होती. बंगालच्या पलटणींत अवधच्या उच्चवर्णीयांचा भरणा, तर इथे सगळ्या जाती एका रांगेत उभ्या. इथेही कोल्हापूरला ३१ जुलै १८५७ रोजी २७ वी पलटण उठली, पण बहुतेक फौज जागेवर राहिली. त्या रांगेतला महार शिपाई पलटणीत हवालदार, सुभेदार होई. पेन्शन घेऊन कोकणात उतरला की गावच्या तळ्यावर मात्र त्याचा हात चालत नसे. वलंगकरांनी १८८८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचं नावच 'विटाळ विध्वंसन'. पुढे महारांची सैन्यभरतीच बंद झाली. त्याविरुद्ध वलंगकरांनी १८९४ साली विनंतीपत्र तयार केलं.

१९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं कागदोपत्री खुलं केलं. तरी कोणी पाणी पिऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि घरी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. त्या जमावात बंदूक चालवलेले जुने पेन्शनर होते. तरीही बाबासाहेबांनी हात आवरायला सांगितलं आणि लोकांनी ते ऐकलं. नंतर सवर्णांनी गोमूत्र-शेणाच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं! कोर्टातली लढाई पुढे दहा वर्षं चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात तळं सर्वांचं ठरलं.

डमडमच्या खलाशाचं नाव राईटच्या हकीकतीत नोंदलेलं नाही. गोळीचं माप, दारूचं वजन, नळीची लांबी, सगळं नोंदलेलं आहे. त्याला शेवटी पाणी मिळालं की नाही, हे कोणी लिहून ठेवलं नाही.