क्रोमखालचा काळा रंग

एनडीएत पहिल्या टर्मला बूट चमकवताना सीनियर एकच गोष्ट डोक्यात भरवायचे: चमक पॉलिशच्या डबीत नसते, खालचा थर किती गुळगुळीत झालाय त्यात असते. पंचवीस वर्षांनी हे ज्ञान कामी आलं ते खेळण्यातल्या रोबोवर. हसा खुशाल.

मुलगा दहावीत, आईबरोबर पुण्यात. मी तेव्हा डुआर्समध्ये, बिन्नागुडीला. फोनवर "जेवलास?" "हो" एवढंच उरलं होतं. एके रात्री त्यानेच विचारलं, "बाबा, ऑप्टिमस प्राइमच्या धुराड्यांना खरं क्रोम करता येईल?" 1984 च्या मूळ खेळण्यात त्या चकचकीत होत्या, त्याच्याकडच्या राखाडी प्लास्टिकच्या. धुराड्या कुरिअरने माझ्याकडे आल्या.

कारखान्यात हे काम निर्वात कक्षात होतं, ॲल्युमिनियमची वाफ लाखेच्या थरावर बसते. आपल्या हाती फक्त एअरब्रश. आधी 2000 नंबरचा पाणकागद, मग चकचकीत काळा रंग. तो पूर्ण वाळेपर्यंत दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. मग 12 ते 15 पीएसआय दाबाने क्रोमचे विरळ फवारे, तोंडावर मास्क लावून. धातूचा थर इतका पातळ असतो की खालचा प्रत्येक ओरखडा वर दिसतो. आणि थर जाड झाला की आरसा जातो, नुसता चंदेरी रंग उरतो, पत्र्याच्या ट्रंकेसारखा.

पण जुलैतला डुआर्स! ओल्या हवेत लॅकर वाळताना पांढुरका पडतो. तिथे युनिफॉर्मला बुरशी लागू नये म्हणून आम्ही कपाटात बल्ब लावून ठेवतो. धुराड्यांचा मुक्काम त्याच कपाटात, बल्बपासून लांब, नाहीतर प्लास्टिकच वाकायचं. फवारणीसाठी पाऊस उघडलेली दुपार गाठायची. रोज रात्री पुण्याहून चौकशी: "बेस वाळला का?" त्यामागून हळूहळू गणिताचा पेपर, मित्राशी झालेलं भांडण, असं बरंच यायला लागलं. मी मध्ये फारसं बोलत नसे.

सुट्टीवर जाताना धुराड्या घेऊन गेलो. त्याने खिडकीपाशी धरल्या; वर आभाळ, खाली गॅलरीचे गज, स्वच्छ दिसत होते. वरून क्लिअर कोट दिला तर चमक मंदावते, नाही दिला तर बोटांनी क्रोम निघतं. निर्णय त्याच्यावर सोडला.

"नको देऊ," तो म्हणाला. "तुम्ही सुट्टीवर आलात की तेव्हाच हात लावू."

मी सुती हातमोज्यांचा एक जोड त्याच्या खोक्यात ठेवला.