कमवा आणि हिंडा

गेल्या प्रायश्चित्तकाळातील एका रविवारी सकाळची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही साक्रिस्तीत वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. वय एकोणतीस, शिक्षण बी. कॉम., सात वर्षे अंधेरीच्या एका कचेरीत हिशेब पाहते आणि रोज विरार लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करते. हातात शाळकरी वही होती. तिने ती उघडून आमच्यापुढे धरली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे ‘इंग्लंड’, उजवीकडे ‘ऑस्ट्रेलिया’, आणि दोन्ही रकाने गच्च भरलेले.

‘‘फादर, सगळं लिहून काढलंय. आता तुम्ही एकावर बोट ठेवा. बाबा म्हणतात, फादर सांगतील ते करू.’’

धर्मगुरूकडे लोक नाना प्रकारचे निवाडे मागायला येतात. बांधाचे तंटे, भावाभावांतील अबोले, लग्नाच्या बोलणीत अडलेले शब्द, हे सारे आमच्या अंगवळणी पडलेले आहे. देशावर बोट ठेवण्याचा प्रसंग मात्र पहिलाच होता. ‘‘वही ठेवून जा, बाळ,’’ एवढेच आम्ही म्हणालो, आणि पुढचे तीन-चार दिवस रात्रीच्या जेवणानंतर त्या वहीचे वाचन केले.

तरुणांनी परदेशात वर्षभर हिंडावे आणि हिंडण्याचा खर्च तेथेच मिळेल ते काम करून भागवावा, अशी ही योजना. ‘कमवा आणि शिका’ हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे सूत्र मराठी माणसाला परिचयाचे आहे. ही म्हणजे ‘कमवा आणि हिंडा’. ऑस्ट्रेलियाने ती १९७५ साली ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा या देशांशी सुरू केली. भारतीय मुलांसाठी ते दार उघडायला जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. ब्रिटनने फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतीय तरुणांसाठी वर्षाला ३,००० जागा खुल्या केल्या, ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये १,०००. वयाची अट दोन्हीकडे अठरा ते तीस. आणि दोन्हीकडे सोडत. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या सोडतीत त्या हजार जागांसाठी सुमारे चाळीस हजार मुलामुलींनी नावे नोंदविली होती. हा आकडा वहीत लाल शाईने लिहिला होता. खाली दोन रेघा.

वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती: ‘पोर्तुगीज पासपोर्ट – आपल्याला नाही.’ कचेरीतील गोव्याच्या मैत्रिणीचे नातेवाईक स्विंडनला आहेत, त्यावरून ही चौकशी झाली असावी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविता येते. त्या आधारे हजारो गोमंतकीय इंग्लंडात गेले. २०२० अखेर ब्रिटन युरोपीय व्यवस्थेतून पूर्णपणे बाहेर पडल्यावर नव्याने जाणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली. आमच्या वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतला. पासपोर्टाच्या हिशेबाने पाहता आम्ही दोनशे बावीस वर्षे आधीच मोकळे झालो, त्यास आता इलाज नाही.

असो. वही वाचता वाचता एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. रकाने दोन असले तरी त्यांत एकाच जातीच्या गोष्टी लिहिल्या नव्हत्या. ब्रिटनच्या योजनेच्या नावात सुट्टीचा उल्लेखच नाही, ती ‘तरुण व्यावसायिकां’साठी आहे. पदवी लागते. दोन वर्षे राहता येते, आणि एकाच मालकाकडे दोन्ही वर्षे काम केले तरी हरकत नाही. हिशेबनीस मुलगी तेथे हिशेबनीसच होईल. अंधेरीऐवजी लंडन आणि विरार लोकलऐवजी तिथली भुयारी गाडी, इतकाच पालट. ऑस्ट्रेलियाचा परवाना एका वर्षाचा, आणि साधारण नियम असा की एका मालकाकडे सहा महिन्यांहून अधिक काम करता येत नाही. सहा महिन्यांत निघून जाणाऱ्याला कोणती कचेरी शिकवून तयार करील? म्हणून ही मुले हॉटेलांत, उपाहारगृहांत, शेतांवर आणि फळबागांत कामे करतात. ठरावीक भागांत शेतीसारखे ठरावीक काम तीन महिने केले, तर दुसऱ्या वर्षाचा परवाना मागता येतो. एकीकडे परदेशातील नोकरी, दुसरीकडे खरोखरीची भटकंती. पैशाच्या बाबतीत म्हणावे तर फारसा फरक नाही. ब्रिटनसाठी खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात, ऑस्ट्रेलियासाठी ५,००० डॉलर; दोन्ही रकमा आपल्या तीन लाखांच्या आसपास जातात. ब्रिटनला आरोग्यसेवेचा आकार वर्षाला ७७६ पौंडांप्रमाणे दोन वर्षांचा आगाऊ भरावा लागतो, तो वेगळा.

बुधवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. वडील, आई, आजोबा सारे ओटीवर बसले होते. वडिलांचे मत ठरलेले होते: इंग्लंड. ‘‘एकदा पाय ठेवला की पुढचं पुढं बघता येईल, फादर.’’ आम्ही त्यांना सांगितले की हा परवाना दोन वर्षांचाच, तो वाढवून मिळत नाही. त्यांचा चेहरा उतरला. मग हळूहळू उलगडा झाला. कोणा दलालाने दीड लाखात ‘नाव खात्रीने लावून देतो’ असे सांगून दहा हजार इसारा म्हणून घेतले होते, आणि उरलेल्या रकमेसाठी वाडीचा रस्त्याकडचा तुकडा काढण्याचा विचार चालला होता. आम्ही थक्क झालो. ब्रिटनच्या सोडतीत नाव घालायला पैसाही पडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सोडतीला पंचवीस डॉलर पडतात. नाव यंत्र काढते. त्यात दलालाचा हात पोचत नाही. नाव लागले तर तो ‘माझ्यामुळे’ म्हणणार, न लागले तर ‘पुढच्या खेपेला’.

आई आतापर्यंत गप्प होती. ती म्हणाली, ‘‘आमचे संत गोन्सालो गार्सियासुद्धा आधी धंद्यासाठीच परदेशात राहिले होते ना, फादर?’’

‘‘तो परत कुठं आला?’’ आजोबा म्हणाले.

१५९७ साली नागासाकीला क्रुसावर प्राण दिलेल्या संताविषयी असे बोलू नये हे आजोबांना ठाऊक होते. त्यांनी लगेच कपाळावर क्रुसाची खूण केली. पण प्रश्न बोलून झाला होता.

आम्ही मुलीला विचारले, ‘‘तुला स्वतःला काय हवं आहे?’’ ती वडिलांकडे पाहू लागली. आम्ही पुन्हा विचारले नाही. त्याऐवजी आमचीच एक गोष्ट सांगितली. ती तोवर आम्ही कोणापाशी बोललो नव्हतो.

रोममध्ये शिकणारे आमच्यासारखे धर्मगुरू उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपातील एखाद्या धर्मग्रामात जातात. तेथील धर्मगुरू रजेवर जातो, त्याच्या जागी मिस्सा, दफनविधी, आजाऱ्यांच्या भेटी हे काम आपण करायचे. त्याचे मानधन मिळते आणि देशही पाहून होतो. धर्मगुरूंची ‘कमवा आणि हिंडा’ योजनाच म्हणा ना. २००३ च्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात आमच्यापुढे दोन ठिकाणे होती: इटलीच्या आब्रुझ्झो प्रांतातील एक डोंगरी गाव आणि जर्मनीत बव्हेरियातील एक खेडे. इटालियन आम्हांला येत होते, जर्मन मोडकेतोडके. डोंगरी गावच्या लोकांनी आपुलकीने पत्र धाडले होते. आम्ही बव्हेरियाला गेलो. सोबत्यांना सांगितले, जर्मन सुधारेल. खरे कारण मानधनाचे पाकीट. ते जाड होते आणि वसईच्या घराचे छप्पर गळत होते.

सहा आठवडे प्रवचन कागदावरून अक्षरे लावीत वाचले. रस्त्यात लोक देवाच्या नावाने अभिवादन करीत, आम्हीही करीत असू, आणि संभाषण तेथेच संपे. संध्याकाळी मोठ्या थोरल्या धर्मगुरुनिवासात एकट्याने पाव-चीज खाताना आब्रुझ्झोची आठवण येई. तरी १५ ऑगस्टला, मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, बायका आपापल्या परसातील औषधी पाने-फुले यांच्या जुड्या बांधून वेदीशी घेऊन आल्या. त्या जुड्या आशीर्वादित करताना आमचे हात थांबले. तो पानांचा वास आमच्या आईच्या परसाचा होता. पाकीट पत्र्यांत गेले, आणि ते पत्रेही आता बदलून झाले. त्या जुड्यांचा वास तेवढा आठवतो. इटलीला गेलो असतो तर काय मिळाले असते, हे सांगता यायचे नाही. एवढे मात्र खरे की आम्ही निवड एका कारणाने केली आणि सांगितले दुसरेच.

गोष्ट संपल्यावर मुलगी खाली मान घालून म्हणाली, ‘‘फादर, मला तिथं हिशेब करायचे नाहीत. मला ऑस्ट्रेलियात बागेत काम करायचंय. एक वर्ष.’’ वडिलांनी कपाळाला हात लावला. आजोबा मात्र पुढे सरकले. ‘‘कसली बाग?’’

‘‘केळीची.’’

ज्या घरात तीन पिढ्यांनी केळी लावली, ज्या ओटीवर एके काळी राजेळी सुकवून सुकेळी होत, त्या घरची मुलगी केळी तोडायला क्वीन्सलँडला निघाली! आम्हांला हसू आले, आणि आजोबांकडे पाहून ते थांबले. या वाडीत तिने कधी कोयता धरला नव्हता. तिला कोणी धरूही दिला नव्हता. ‘शिकलेली पोर’ म्हणून वाडीपासून तिला दूर ठेवण्यात त्यांचाही वाटा होता. पण म्हाताऱ्याचे कुतूहल दुखावल्या मनावर मात करून गेले. जात कोणती, त्यांनी विचारले. कॅव्हेंडिश, म्हणजे आपल्या बसराईच्याच कुळातली. घड डोक्यावर घेतात की खांद्यावर? खांद्यावर, एकजण कापतो, दुसरा झेलतो. पाऊस? टली नावाचे गाव आहे, तेथे १९५० साली ७.९ मीटर पाऊस झाला, आणि त्याची आठवण म्हणून लोकांनी तेवढाच उंच गमबूट उभारला आहे. आजोबांनी हे दोनदा वदवून घेतले. मर रोग आहे का? आहे, टलीच्या खोऱ्यात त्याची नवी जात २०१५ साली सापडली, तेव्हापासून तिथल्या बागांत बूट धुतल्यावाचून शिरू देत नाहीत. ‘‘शहाणे आहेत,’’ आजोबा म्हणाले.

वहीतल्या दोन गोष्टींवर आम्ही आईसमोर बोललो नाही. जाताना अंगणात मुलीला गाठून बोललो. फळतोडणीत नगावर मजुरी देऊन मुलांना राबविण्याचे प्रकार तेथे वर्षानुवर्षे चालत. २८ एप्रिल २०२२ पासून तासाची किमान मजुरी देणे सक्तीचे झाले आहे, तेव्हा तासांची नोंद स्वतः ठेवायची. आणि २००० सालच्या जूनमध्ये क्वीन्सलँडमधील चिल्डर्स गावी अशाच मुलांच्या वसतिगृहाला आग लागून पंधरा जण गेले. म्हणून राहण्याच्या जागी आधी बाहेर पडायची दारे पाहायची. हे तिने आधीच वाचले होते. ‘‘आईला सांगू नका, फादर.’’ आम्ही सांगणार नव्हतोच; आता या अंकातून तिला कळेल, त्याची पूर्वकल्पना तिला दिली आहे.

पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी श्रमाविषयीच्या आपल्या १९८१ च्या परिपत्रकात स्थलांतराचा विचार करताना माणसाला आपला देश सोडण्याचा हक्क आहे असे म्हटले आहे, आणि परत येण्याचाही. सेमिनरीत आम्ही पहिल्या भागावर उत्तरे लिहिली. आमच्या धर्मग्रामातून गेलेल्या मुलांच्या रिकाम्या घरांना नाताळात आशीर्वाद देताना दुसरा भाग आठवतो. वडिलांना आम्ही तो वाचून दाखविला. ते म्हणाले, ‘‘परत येऊन काय करील? तीस वर्षांची होऊन येईल.’’ याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आजही नाही. तिच्यासाठी आलेली दोन स्थळे वर्षभर थांबतील असे नाही, आणि कचेरीने रजा द्यायला नकार दिला आहे.

तिने नाव ऑस्ट्रेलियाच्या सोडतीत घातले. पंचवीस डॉलर स्वतःच्या पगारातून भरले. वडिलांच्या समाधानासाठी ब्रिटनच्या सोडतीतही घातले. ती दर खेपेस जेमतेम अठ्ठेचाळीस तास खुली असते, तेव्हा रात्री जागून घातले. वहीतल्या रेघेवर बोट ठेवायचे काम आमच्याकडून झाले नाही. वही तिला परत केली.

निकाल अजून लागायचा आहे. वाडीचा तुकडा तूर्त आहे तेथे आहे. दलालाकडे अडकलेले दहा हजार मात्र परत आलेले नाहीत. त्याच्या कचेरीत येत्या मंगळवारी वडिलांबरोबर आम्हीही जाणार आहोत, झगा घालून.