क्लब कोणाचा? : मँचेस्टरच्या मैदानांची यात्रा

मँचेस्टर हें नांव आपल्या पूर्वजांच्या तोंडीं येत असे तें कापडाच्या संबंधानें. लँकेशायरच्या गिरण्यांतील धोतरजोड्या मुंबईच्या बंदरांत उतरत, तेथून गांवोगांवीं जात, आणि पुढें स्वदेशीच्या चळवळींत त्यांच्याच होळ्या पेटल्या. म्हणून ह्या शहरीं पोंचल्यावर आम्ही प्रथम पाहावयास गेलों तें तेथील रॉयल एक्स्चेंज. कापूस व सूत ह्यांच्या व्यापाऱ्यांचा हा एके काळचा प्रचंड बाजार. त्यांतील सौदे १९६८ सालीं कायमचे बंद पडले, आणि १९७६ पासून त्याच दालनांत नाट्यगृह चालतें; परंतु शेवटच्या दिवसाच्या भावांचा फलक उंच भिंतीवर जसाच्या तसा ठेविला आहे. ते आंकडे आतां कोणाच्याही उपयोगाचे नाहींत.

गिरण्या गेल्या, धुराडीं गेलीं, तरी त्या कारखान्यांतील मजुरांनीं मागें ठेविलेली एक वस्तु मात्र अद्याप जिवंत आहे. ती म्हणजे त्यांचे फुटबॉलचे क्लब. इंग्लंडांतील फुटबॉल-लीगची स्थापनाच ह्या शहरांतील एका हॉटेलांत १७ एप्रिल १८८८ रोजीं झाली, आणि तिच्या मूळच्या बारा क्लबांपैकीं सहा एकट्या लँकेशायरचे होते. त्यांतील व त्यांच्या शेजारच्या कांहीं मैदानांची हकीकत ह्या लेखांत सांगावयाची आहे. आणि तिच्या ओघानें त्या प्रांतांत आज वीस वर्षें चाललेल्या एका कलहाचीही. क्लब असतो तरी कोणाचा? ज्यानें पैसे मोजले त्याचा, कीं ज्यांनीं पिढ्यानुपिढ्या जीव लावला त्यांचा?

शहराच्या ईशान्येस न्यूटन हीथ म्हणून एक वस्ती आहे. तेथें रेल्वेचे डबे बांधण्याचा व दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना होता. त्यांतील कामगारांनीं १८७८ सालीं एक क्लब काढिला. त्यांचा पोषाख हिरव्या व पिवळ्या रंगांचा असे. हे दोन रंग वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम आहे. १९०२ सालीं हा क्लब कर्जांत बुडाला, तेव्हां जॉन हेन्री डेव्हिस नांवाच्या बीअरच्या एका कारखानदारानें पदरचे पैसे घालून तो वांचविला. तेव्हांपासून क्लबाचें नांव मँचेस्टर युनायटेड झालें, आणि १९१० सालीं त्यास ओल्ड ट्रॅफर्ड येथें नवें मैदान मिळालें. धनिकाचा हात ह्या क्लबास प्रथम लागला तो असा, देण्यासाठीं.

ओल्ड ट्रॅफर्ड हें नांव आपल्याकडील क्रिकेटच्या रसिकांस परकें नाहीं. विजय मर्चंट व मुश्ताक अली ह्या जोडीनें १९३६ सालीं सलामीस २०३ धावा केल्या आणि सचिन तेंडुलकरनें १९९० सालीं आपलें पहिलें कसोटी शतक झळकाविलें तें त्याच नांवाच्या क्रिकेटच्या मैदानावर. तेथून पायीं थोड्याच अंतरावर, कालवा आणि रेल्वेचा रूळ ह्यांच्या मध्यें, फुटबॉलचें ओल्ड ट्रॅफर्ड उभें आहे. सुमारें चौऱ्याहत्तर हजार माणसें त्यांत बसतात. १९४१ सालीं जर्मन बाँबांनीं तें उद्ध्वस्त केलें, आणि १९४९ पर्यंत ह्या क्लबास आपल्याच शहरांतील प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आश्रय घ्यावा लागला.

मैदानाच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. त्यावर म्युनिकचें नांव व ६ फेब्रुवारी १९५८ हा दिनांक लिहिलेला आहे. त्या दिवशीं म्युनिकच्या विमानतळावर ह्या संघाचें विमान बर्फांत कोसळून तेवीस माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत आठ खेळाडू होते. मार्गदर्शक मॅट बस्बी मृत्यूच्या दाराशीं जाऊन परत आले, त्यांनीं नवा संघ उभा केला, आणि बरोबर दहा वर्षांनीं, १९६८ सालीं, युरोपचें अजिंक्यपद इंग्लंडांत प्रथम आणिलें तें ह्याच क्लबानें. आम्ही त्या घड्याळाखालीं उभे असतांना एक गृहस्थ आपल्या लहान नातवास तीं आठ नांवें क्रमानें म्हणावयास शिकवीत होते. आपल्याकडे मुलांस गोत्र-प्रवर शिकवितात त्याची आम्हांस आठवण झाली.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. जुन्या काळीं ह्या क्लबांच्या मालकांवर मोठा निर्बंध होता. फुटबॉल असोसिएशननें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच असा दंडक घालून दिला होता कीं, भागधारकांस पांच टक्क्यांहून अधिक लाभांश देऊं नये, आणि संचालकांनीं वेतन घेऊं नये. टक्क्यांचा आंकडा पुढें थोडाथोडा वाढला, तरी तत्त्व कायम राहिलें. क्लब चालविणें हा धंदा नव्हे, तें गांवाचें काम आहे, अशी त्यामागील समजूत होती. १९८१ सालीं संचालकांस वेतन घेण्याची मोकळीक मिळाली. १९८३ सालीं लंडनच्या टॉटेनहॅम क्लबानें एक वरची कंपनी स्थापून तिचे भाग बाजारांत आणिले, आणि लाभांशाचा नियमही त्यामुळें निरर्थक झाला. १९९१ सालीं मँचेस्टर युनायटेडचेही भाग बाजारांत आले. गांवची वस्तु विकाऊ झाली ती ह्या क्रमानें. दार एकदम मोडलें नाहीं, एकेक खिळा सैल झाला.

त्या दारांतून २००५ सालीं अमेरिकेंतील फ्लोरिडा येथील माल्कम ग्लेझर व त्यांचें कुटुंब आंत आलें. क्लबाची किंमत सुमारें एकोणऐंशी कोटी पौंड ठरली. त्यांतील पन्नास कोटींहून अधिक रक्कम कर्जाऊ होती, आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबाच्याच माथीं बसविण्यांत आला. हा व्यवहार घरगुती दृष्टांतानें सांगावयाचा म्हणजे असा: एखाद्यानें जुना वाडा विकत घ्यावा, किंमतीचे पैसे तोच वाडा गहाण टाकून सावकाराकडून काढावे, आणि त्यांचें व्याज वाड्यांतील बिऱ्हाडकरूंच्या भाड्यांतून फेडावें. तोंपर्यंत ह्या क्लबावर कर्ज नव्हतें. व्याज, लाभांश व इतर देणीं मिळून २००५ पासून एक अब्ज पौंडांहून अधिक पैसा क्लबांतून बाहेर गेल्याचा हिशेब इंग्रजी वृत्तपत्रांनीं वेळोवेळीं मांडिला आहे.

मालकपक्षाची बाजूही सांगितली पाहिजे. व्यवहार कायद्यास धरून होता. खेळाडूंच्या खरेदीवरही त्यांच्या काळांत अमाप पैसा खर्च झाला. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मार्गदर्शक होते तोंवर संघ जिंकतही होता. २००७ ते २०१३ ह्या काळांत लीगचें अजिंक्यपद त्यानें पांच वेळां मिळविलें. परंतु विजयाच्या त्याच दिवसांत, २०१० सालीं, हजारों प्रेक्षक गळ्यांत हिरव्या-पिवळ्या पट्ट्या घालून मैदानांत येऊं लागले. न्यूटन हीथच्या रेल्वे-कामगारांचे ते रंग! क्लबाचा तांबडा रंग मालकाच्या दुकानांत विकला जातो, तेव्हां आम्ही आमच्या पणजोबांचा रंग घालतों, असें त्यांचें म्हणणें. निषेधाची ह्याहून सभ्य व ह्याहून बोंचरी रीत आमच्या पाहण्यांत नाहीं.

पुढें कलह वाढला. १८ एप्रिल २०२१ रोजीं युरोपांतील बारा धनाढ्य क्लबांनीं आपल्यापुरती निराळी स्पर्धा काढण्याचा बेत जाहीर केला. स्थापकांस हार-जीत कांहींही होवो, स्थान कायमचें, असा तिचा घाट होता. मँचेस्टर युनायटेड त्या बारांत होता. इंग्लंडभर असा क्षोभ उसळला कीं तेथील सहाही क्लब दोन दिवसांत मागें फिरले. २ मे रोजीं तर समर्थक मैदानांतच शिरले, आणि लिव्हरपूलशीं व्हावयाचा सामना त्या दिवशीं होऊं शकला नाहीं. मे २०२४ मध्यें एका सामन्याच्या वेळीं मुसळधार पाऊस झाला, तेव्हां मैदानाच्या छपरांतून पाण्याच्या धारा प्रेक्षकांच्या आसनांवर कोसळल्या. सर्व जगानें तें दृश्य पाहिलें. त्याच वर्षाच्या आरंभीं सर जिम रॅटक्लिफ ह्यांनीं क्लबाचा चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग घेतला; ते ह्याच प्रांतांत जन्मलेले, म्हणून लोकांनीं आशा धरिली. परंतु वर्षअखेरीस उरलेल्या तिकिटांचा दर मुलांस व वृद्धांसही सवलत न देतां सरसकट ६६ पौंड करण्यांत आला, आणि निषेधाचे फलक पुन्हा वर आले.

येथें व्यवहारी मनुष्य विचारील कीं, माल महाग व वाईट झाला तर गिऱ्हाइकानें दुसरें दुकान पाहावें, रडावें कशास? आम्हीही ट्रामगाडींत शेजारीं बसलेल्या एका वृद्ध समर्थकास तसें विचारिलें. आपण दुसऱ्या एखाद्या क्लबाचा पक्ष कां घेत नाहीं? त्यानें आमच्याकडे असें पाहिलें, कीं जणूं आम्हीं त्यास कुलदैवत बदलावयास सांगितलें! सर्व कलहाचें मूळ ह्या एका दृष्टिक्षेपांत आहे. समर्थक हा गिऱ्हाईक खरा, परंतु दुकान न बदलणारा. सावकार कर्ज देतो तो हें ओळखूनच देतो. मैदान, दुकान, खेळाडू हें वरवरचें तारण. खरें तारण ह्या माणसांची निष्ठा. ज्यांची निष्ठा गहाण पडली, त्यांस मात्र कोणीं विचारिलें नव्हतें.

तथापि कांहींजण उठून गेले, आणि तेंही पाहण्यासारखें आहे. २००५ सालींच कांहीं समर्थकांनीं एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर हा आपला स्वतःचा क्लब स्थापिला. प्रत्येक सभासदास एक मत, मग त्याचे पैसे कितीही असोत. अगदीं तळच्या पायरीपासून त्यांनीं आरंभ केला, आणि दहा वर्षें दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळून २०१५ सालीं मॉस्टन येथें ब्रॉडहर्स्ट पार्क हें मैदान उभारिलें. समर्थकांनीं भाग घेऊन जमविलेल्या पैशाचा त्यांत मोठा वांटा होता. पांच हजारांहूनही कमी माणसांचें तें मैदान ओल्ड ट्रॅफर्डपुढें अंगणाएवढें. परंतु न्यूटन हीथ तेथून हांकेच्या अंतरावर आहे, हें मनांत आलें म्हणजे मुलगा घर सोडून आजोळीं राहावयास आला असें वाटतें.

मँचेस्टरच्या उत्तरेस बरी गांव आहे. तेथील क्लब १८८५ सालचा. १९०० व १९०३ सालीं इंग्लंडचा मानाचा चषक त्यानें जिंकिला. डिसेंबर २०१८ मध्यें तो अवघ्या एका पौंडास विकला गेला. कर्जें फिटेनात, तेव्हां २७ ऑगस्ट २०१९ रोजीं लीगनें त्यास काढून टाकिलें. त्याच दिवशीं, क्लब वांचेल ह्या आशेनें, गांवकरी झाडू व बादल्या घेऊन गिग लेन मैदान स्वच्छ करावयास जमले होते. ह्या झाडूंपुढें आम्हांस कोणतीही टीका फिकी वाटते. सुदैवानें समर्थकांच्या खटपटीनें २०२३ सालीं त्या मैदानावर पुन्हा खेळ सुरू झाला.

ह्याच प्रांतांतील ब्लॅकबर्नचा संबंध तर थेट आपल्या पुण्याशीं आहे. त्याच्या शेजारच्या डारवेन गांवीं १९३१ सालीं गांधीजी गिरणीकामगारांस भेटले होते. तेथील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ सालचा, १९९५ सालचा लीग-विजेता क्लब पुण्याच्या वेंकीज कंपनीनें नोव्हेंबर २०१० मध्यें घेतला. १९३१ सालीं त्या लोकांच्या पोटावर आपल्या बहिष्काराचा परिणाम झाला होता. आतां त्यांच्या आनंदाची किल्ली आपल्या गांवीं आली! २०१२ सालीं संघ वरच्या लीगमधून घसरला, तेव्हां कुक्कुटपालनाचा धंदा करणाऱ्या मालकांस उद्देशून कोणी एक जिवंत कोंबडी मैदानांत सोडिली. ह्या मालकांनीं क्लबांतून नफा उपसला असें मात्र म्हणतां येत नाहीं. वर्षोवर्षींची तूट त्यांनींच भरून काढिली. तेथील लोकांची तक्रार निराळी आहे: मालक दूर राहतात, दिसत नाहींत, ऐकत नाहींत. म्हणजे पैसा नेणें हा जसा दोष, तसें नुसता पैसा पाठवून स्वस्थ बसणें हेंही पुरेसें नव्हे.

ह्या सर्व अनुभवांतून इंग्लंडांत जुलै २०२५ मध्यें फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. त्यानें स्वतंत्र नियामक नेमण्याची तजवीज केली. मालकाची पात्रता तपासणें, मैदान विकण्यास आडकाठी घालणें, क्लबाचें नांव, चिन्ह वा रंग बदलण्यापूर्वीं समर्थकांचा विचार घ्यावयास लावणें, अशीं कामें त्याजकडे आहेत. शंभर वर्षांपूर्वींचा दंडक सोडल्यावर जें गमावलें, तें निराळ्या वाटेनें परत मिळविण्याचा हा प्रयत्न होय.

आपल्या घरांस ह्यांत नवें कांहीं नाहीं. एकत्र कुटुंबाच्या कर्त्यास वडिलार्जित स्थावर विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार मिताक्षरेनें दिला, तो आपत्काल, कुटुंबाचें पोषण आणि अवश्य धर्मकृत्य ह्या कारणांपुरताच. स्वतःच्या हौसेसाठीं वा सट्ट्यासाठीं नव्हे. कारण त्या मालमत्तेंत पाळण्यांतील मुलाचाही हिस्सा असतो. ओल्ड ट्रॅफर्डच्या घड्याळाखालीं आठ नांवें पाठ करणारा तो नातू कोणत्याही भागपत्राचा धनी नाहीं. तथापि क्लबास जें मोल आहे तें अशा नातवांमुळें आहे. मालकानें खातेवहींत त्याचें नांव लिहिलें नाहीं म्हणून त्याचा हिस्सा बुडत नाहीं.