खोट्या बीचच्या रानात

मुलांनो, आपण दिवाळीच्या सुट्टीत फराळावर ताव मारत असतो ना, तेव्हा ऑस्ट्रेलियात वसंत ऋतू चालू असतो. कधी त्या दिवसांत मेलबर्नला जायचा योग आला, तर समुद्राकाठच्या ग्रेट ओशन रोडने अपोलो बे गाठा आणि तिथून १७ किलोमीटर ओटवेच्या डोंगरात शिरा. मेट्स रेस्ट नावाचं रान लागेल. मेटलंड ब्रायन नावाचे वनाधिकारी आपल्या घोड्यांना इथे विसावा द्यायचे, म्हणून हे नाव.

रानात ८०० मीटरची पायवाट आहे, बरीचशी लाकडी फळ्यांची. आत पाऊल टाकलं की भरदुपारी संध्याकाळ! वर छत्र्या उघडल्यासारखे वृक्षनेचे, बुंध्यांवर ओलं शेवाळ, आणि मधूनच एखादी चकचकीत काळी गोगलगाय. दिसते गरीब, पण ती मांसाहारी आहे बरं का!

मान वर करा. शेवाळाचे अंगरखे घातलेले ते प्रचंड वृक्ष म्हणजे मर्टल बीच. काही ३०० वर्षांचे. नाव मात्र फसवं. खरं मर्टल पेरू-जांभळाच्या कुळातलं, हा त्यातला नव्हे. शास्त्रीय नाव नोथोफॅगस, म्हणजे चक्क ‘खोटा बीच’! पानं करंगळीच्या नखाएवढी, कडेला बारीक दाते. वर्षभर हिरवीगार. वसंतात नवी पालवी फुटते ती तांबूस, आपल्या पिंपळासारखी. फांद्यांवर नारिंगी गोळे लगडलेले दिसले, तर ती फळं समजू नका. ती आहे अळंबी, फक्त याच झाडावर वाढणारी. टास्मानियाचे मूळ रहिवासी ती खात असत.

या झाडाचं बी फार लांब जात नाही, आईच्या आसपासच पडतं. तरीही याचे भाऊबंद चिली, न्यूझीलंड, न्यू गिनीत आहेत, आणि जीवाश्म तर अंटार्क्टिकात! कारण हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते. त्या महाखंडाचं नाव गोंडवन, आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. चंद्रपूर-गडचिरोली त्याच मुलखातलं. मग हे झाड आपल्याकडे का नाही? कारण हे जन्माला येण्याआधीच भारत त्या महाखंडापासून सुटून निघाला होता. आपली गाडी लवकर सुटली!

आता एक कल्पना करा. शेवाळ बाजूला सारलं की बुंधा छान दिसतो, आणि तुमच्या मित्राच्या खिशात चावी आहे. आपल्याकडे किल्ल्यांच्या भिंतींवर काय काय कोरलेलं असतं, तुम्हाला ठाऊक आहेच. इथे त्याने नुसती दोन अक्षरं कोरली तरी पुरे. हवेतून आणि पाण्यातून एका बुरशीचे बीजाणू फिरत असतात. सालीला जखम झाली की ते आत शिरतात. मग बारीक भुंगेरे खोड पोखरू लागतात, आणि त्यांनी बाहेर टाकलेल्या भुशाबरोबर रोग पुढच्या झाडाकडे निघतो. जमिनीखाली मुळाला मूळ लागलेलं असेल, तर त्या वाटेनेही पसरतो. शतकानुशतकं उभा असलेला वृक्ष दोन-तीन वर्षांत संपतो.

तसं झाड ओळखायला सोपं. भोवती सगळं हिरवं आणि ते एकटंच शेंड्यापर्यंत तपकिरी; पानं वाळलेली, पण अजून फांद्यांना धरून असलेली. जवळ जाऊन बघावंसं वाटेल. पण फळ्यांवरून उतरू नका. मुळं अगदी वरवर असतात, आणि ती बुटाखाली सोलली तरी जखमच.