ओशिमा : नाव पुसलेल्या माणसांचे बेट

जपानच्या सेतो समुद्रात लहानमोठी शेकडो बेटे आहेत. त्यांतल्या काही बेटांवर 2010 सालापासून दर तीन वर्षांनी कलेचा मोठा उत्सव भरतो. नाओशिमा हे त्यांतले सर्वांत गाजलेले बेट. यायोई कुसामा या चित्रकर्तीने केलेला काळ्या ठिपक्यांचा पिवळा भोपळा तिथल्या धक्क्यावर आहे आणि त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लागते. वाचकहो, तो भोपळा सुंदरच आहे. पण पाहावे असे बेट दुसरेच. त्याचे नाव ओशिमा.

ताकामात्सू बंदरातून निघालेली छोटी बोट साधारण अर्ध्या तासात तिथे पोहोचते. पांढरी वाळू, पाइनची झाडे, निळे पाणी. याच जागी 1909 साली सरकारने कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ उघडले. इस्पितळ म्हणायचे एवढेच. होती ती कोंडवाड्याची जागा. रोग झाला की माणसाला घरातून उचलून इथे आणायचे. पुष्कळांनी इथे आल्यावर आपले खरे नाव टाकले आणि दुसरे घेतले, म्हणजे गावाकडे आईबापांना, भावंडांना कुणी बोट दाखवू नये. लग्नाला परवानगी, पण मूल होऊ द्यायचे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर रोगावर औषध आले, माणसे बरी झाली, तरी कायदा तसाच राहिला. तो रद्द झाला 1996 साली! 2001 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी धरले. तोपर्यंत माणसे म्हातारी झाली होती आणि घरचे दार बंद झाले होते. गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावायला नको.

अशा ठिकाणी कलावंतांनी काय करावे? रंगीबेरंगी पुतळे उभे करून निघून जाता आले असते. पहिल्याच उत्सवात इथे जी वस्तू मांडली गेली, ती कुणी घडवलेली कलाकृती नव्हतीच. मेलेल्या रोग्यांची चिरफाड करण्याचा सिमेंटचा ओटा समुद्रकाठी टाकून दिलेला होता. तो वर काढला आणि लोकांसमोर ठेवला. बस्स, एवढेच. त्यापुढे उभे राहिलेल्या माणसाला पाटी वाचावी लागत नाही.

सेइझो ताशिमा हे मुलांच्या चित्रपुस्तकांचे कलावंत. त्यांनी रोग्यांच्या रिकाम्या चाळीत समुद्राने वाहून आणलेल्या वस्तूंचे मत्स्यालय उभारले. पुढे 2019 साली अशाच खोल्यांतून एका रहिवाशाचे आयुष्य मांडले. एका खोलीतून दुसरीत जाता जाता त्या माणसाची वर्षे सरत जातात. त्याचे नाव दिलेले नाही, फक्त ‘एन’ हे अक्षर. जिथे नाव लपवूनच जगावे लागले, तिथे हे अक्षर फार बोलते. बेटाच्याच एका रहिवाशाने काढलेले फोटोही उत्सवात लागले. इतकी वर्षे बाहेरचे लोक या माणसांना न्याहाळत होते. इथे कॅमेरा त्यांच्या हाती आला.

एक गोष्ट मात्र कुणा कलावंताची नाही. रोगाने अनेकांची दृष्टी गेली. म्हणून रस्त्यांवर पांढरे पट्टे ओढले, कठडे लावले आणि ठिकठिकाणी भोंग्यांतून संथ सूर वाजत ठेवले. सुरावरून आंधळ्या माणसाला कळावे की आपण कुठल्या वळणावर आलो. यंत्र कशासाठी असावे, याचा याहून सरळ नमुना माझ्या तरी डोळ्यांसमोर नाही.

आणि शेवटी चहाचे दुकान. ‘शियोरु’ त्याचे नाव. तेही 2010 सालीच सुरू झाले. रहिवाशांनी पिकवलेली फळे आणि भाजी वापरून तिथे खायला करू लागले. कप-बशा भाजल्या त्या याच बेटाच्या मातीच्या. ज्यांच्या हातचे पाणी एकेकाळी कुणी घेत नव्हते, त्यांच्या बेटावर टोकियो-ओसाकाहून आलेली तरुण पोरे बसून त्या मातीचा कप ओठांना लावू लागली आणि आणखी एक मागवू लागली.